चित्रपटातला जिवंत साठा

येलदरीत माणसाच्या आधी धरणाची प्रकृती विचारतात. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की रामराम होण्याआधी 'किती टक्के झालं?' हे होतं. उत्तर देणारा नुसतं 'बरंच हाय' म्हणाला तर त्याला कुणी जमेत धरत नाही. इथं आकडा लागतो. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पूर्ण झालं, तेव्हापासून खालच्या मुलखातल्या लोकांचं पेरणीपासून पोरीच्या लग्नापर्यंतचं गणित त्या टक्क्यावर बसलेलं आहे. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातला जिवंत ८०९, बाकीचा मृत. आमच्याकडच्या पोराला सतराचा पाढा येईल न येईल, हे आकडे झोपेत विचारा.

अशा गावात कुणी ऐतिहासिक चित्रपट पाहून आला की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. "त्याच्यात खरं किती टक्के हाय?"

हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडं येतो, कारण पुस्तकं वाचणारा माणूस अशी माझी गावात बदनामी आहे. चित्रपट सुचवण्याचं काम शहाण्यानं अंगावर घेऊ नये. चित्रपट चांगला निघाला तर श्रेय हिरोला जातं आणि पडला तर परभणीच्या गाडीभाड्यासकट तिकिटाचे पैसे लोक आपल्याकडं मागतात. शिवाय प्रत्येकाची मागणी वेगळी. आमच्या मामांना लढाई पाहिजे. मामींना घरदार पाहिजे. कॉलेजच्या पोरांना असा इतिहास पाहिजे की ज्याचा तुकडा काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवता येईल. आणि निवृत्त गुरुजींना असा चित्रपट पाहिजे की ज्यात चुका सापडतील. चूक सापडली नाही तर त्यांचा दिवस वाया जातो.

तेव्हा मी सरळ धरणाची भाषा धरली. ऐतिहासिक चित्रपटातही तीन थर असतात, असं सांगायला सुरुवात केली. पहिला जिवंत साठा, म्हणजे कागदपत्रांत सापडतं आणि पाहणाऱ्याच्या उपयोगीही पडतं ते. दुसरा मृतसाठा, म्हणजे खरं असतं पण त्यानं कुणाचं रान भिजत नाही; अमक्या सरदाराच्या पगडीला किती पीळ होते वगैरे. गुरुजींचा मुक्काम बहुतेक याच थरात असतो. आणि तिसरा गाळ, जो पटकथाकार वरून आणून टाकतो. गाळ थोडा असणारच. भीती असते ती तो जिवंत साठ्याची जागा खाऊ लागतो तेव्हा. शंभर टक्क्यांची अपेक्षा मात्र कुणी ठेवू नये. धरण शंभर टक्के भरलं की दरवाजे उघडावे लागतात. शंभर टक्के खऱ्या चित्रपटात प्रेक्षक स्वतःच दरवाजे उघडून बाहेर जातो.

ही मोजणी सगळ्यांना पटली. भांडण लागलं ते मोजायचं कशानं यावरून.

मामांचं माप तलवार. जितक्या तलवारी तितका इतिहास खरा. त्यांच्या हिशोबानं 'तान्हाजी' काठोकाठ भरलेला. मी म्हटलं, "मामा, कोंढाणा घेतला हे खरं, ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख खरी, तानाजी मालुसरे पडले हे तर खरंच. पण ती नागीण नावाची अगडबंब तोफ, जी थेट राजगडावर डोळा ठेवून वर चढवतात, ती कुठून आली?"

"कारखान्यातून आली आसंल."

"अहो, त्या काळच्या तोफेचा गोळा कोंढाण्याहून राजगडाला पोचला असता, तर मावळ्यांनी घोरपडी कामून पाळल्या असत्या?"

"गुरुजी, बगा हो, ह्यो मानूस तानाजीला नाव ठेवायलाय!"

इथं चर्चा संपते. आमच्याकडं ऐतिहासिक चित्रपटाला नाव ठेवणं आणि त्या चित्रपटातल्या महापुरुषाला नाव ठेवणं यात फरक केला जात नाही. निर्मात्यांनाही हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून तर पटकथा पातळ असली की नायक मोठा निवडतात.

'बाजीराव मस्तानी'चंही तेच. त्यात काशीबाई आणि मस्तानी मिळून पिंगा घालतात, यावर पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली आणि पुष्कळ शाई खर्च झाली. २०२५ साली 'छावा'तल्या लेझीमवर असाच गदारोळ झाला आणि ते दृश्य प्रदर्शनाआधीच काढलं गेलं. आपल्याकडं इतिहासाची तपासणी बहुतेक गाण्यापाशीच होते. बाजीरावाला नाचवलं म्हणून सगळे चिडले, पण बाजीरावाला पालखेडला नीट नेलं नाही म्हणून चिडलेला माणूस मला अजून भेटायचाय. पालखेड आमच्या मराठवाड्यातलं. १७२८ साली तिथं बाजीरावानं निजामाला मोठी लढाई न करता, नुसतं दाणापाणी तोडून गुडघ्यावर आणलं आणि मुंगी-शेवगावचा तह करून घेतला. फील्डमार्शल मॉन्टगोमेरीसारख्यानं आपल्या युद्धाच्या इतिहासात या मोहिमेची तारीफ केली आहे. पाणी तोडलं की माणसाचं काय होतं हे येलदरीच्या खालच्या गावांना सांगावं लागत नाही; त्यांनी तो चित्रपट श्वास रोखून पाहिला असता. पण दाणापाणी तोडण्यावर गाणं बसवता येत नाही, ही अडचण.

तर तलवार हे माप कुचकामी. मी बरेच चित्रपट पाहून दुसरं माप शोधलं, आणि ते मी वाचकांनाही फुकट देतो. ऐतिहासिक चित्रपटात कुणाला तरी पैशाची काळजी आहे का, एवढं बघावं. इतिहासातल्या झाडून सगळ्या माणसांना ती होती. फौजेला पगार द्यायचा होता, घोड्याला चंदी लागत होती, सावकार दारात बसलेला होता. ज्या चित्रपटात हजारो सैनिक रोज जेवतात आणि भाकरी कोण थापतं, ज्वारी कुठून येते हे कुणीच विचारत नाही, तिथं गाळ धरून चालावं. आणि ज्यात नायक रात्री दिव्याजवळ बसून पैशांची जुळवाजुळव करतो, तिथं जिवंत साठा हमखास सापडतो.

या मापानं पहिला नंबर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चा. परेश मोकाशींचा हा चित्रपट २००९ सालचा; त्या वर्षी ऑस्करसाठी भारताकडून हाच गेला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची ही गोष्ट, आणि ती जवळजवळ सगळी पैशाची गोष्ट आहे. घरातलं सामान विकलं जातं, विम्याचे कागद गहाण पडतात, सरस्वतीबाईंचे दागिने जातात. सावकाराला पटावं म्हणून हा माणूस घरात एक बी पेरतो आणि कोंब कसा फुटतो, वेल कशी चढते याची फिल्म काढून दाखवतो. भांडवल उभं करण्यासाठी कुंडीत वाटाणा लावणारा नायक कुठल्याही पटकथाकाराला सुचला नसता. तो खराच होता म्हणून चित्रपटात आला. नंदू माधव फाळक्यांचं काम असं करतात की या माणसाला आपण उसने पैसे देऊन बसू की काय अशी भीती वाटते. नावातली 'फॅक्टरी' अशी, की नाटक-सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं असल्यामुळं मंडळींनी बाहेर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगायचं. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा कुठं त्या फॅक्टरीचा माल लोकांना कळला.

याच चित्रपटानं मला आणखी एक माप दिलं. ते म्हणजे मिशी. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना तारामती केलं. बाकीच्या बाप्यांनाही लुगडी नेसवायची होती. पण मिशी काढायला कुणी तयार होईना, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे अभद्र. आता गंमत बघा. जब्बार पटेलांनी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' काढायला घेतला तेव्हा मल्याळम नट मामुटी यांचीही मिशी आडवी आली. ते आधी ती उतरवायला राजी नव्हते. शेवटी उतरवली, आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भूमिकेसाठी मिशी गेली की इतिहास आला; मिशीसाठीच भूमिका लिहिली की इतिहास गेला. अलीकडच्या चित्रपटांत मिशी आधी आत येते आणि मागून नट.

जब्बार पटेलांचा हा चित्रपट पैशाच्या मापावरही उतरतो. बडोद्याच्या गायकवाडांनी दिलेली महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि त्यात भागवून कोलंबिया विद्यापीठात वाचत बसलेला तरुण, इथून बाबासाहेब उभे राहतात. महाडचं चवदार तळं आणि पुणे करार नंतर येतात. मात्र माझी एक अट असते. हा चित्रपट ॲटनबरोंच्या 'गांधी'ला जोडून पाहावा. 'गांधी' १९८२ चा, आठ ऑस्कर मिळवलेला, नीट बांधलेला आणि बराचसा खरा. त्यातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाली, तीन लाखांवर माणसं जमली होती. कस्तुरबा आपल्या रोहिणी हट्टंगडी आणि कपडेपट कोल्हापूरच्या भानू अथैय्यांचा, ज्यांना भारतातलं पहिलं ऑस्कर मिळालं. म्हणजे अभिमान वाटायला भरपूर जागा. फक्त तीन तास चालणाऱ्या त्या चित्रपटात डॉ. आंबेडकर कुठं दिसतात ते शोधून काढा. दिसत नाहीत. पुणे करारही नाही. जब्बार पटेलांच्या चित्रपटात मात्र गांधीजी आहेत. मोहन गोखल्यांनी ते केलेत. एकात जे राहिलं ते दुसऱ्यात मिळतं. गुरुजींना हे सांगितल्यावर ते दोन दिवस खुशीत होते, कारण एवढी मोठी चूक त्यांच्या हाती पूर्वी लागली नव्हती.

मामींसाठी मी 'संत तुकाराम' सुचवला. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. गणपतीत मंडळाच्या पडद्यावर तो लावला तेव्हा पोरांनी कृष्णधवल म्हणून नाकं मुरडली आणि ती मोबाइल घेऊन मांडवामागं गेली. पुढं बसल्या बाया. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांना त्यांनी हात जोडले, पण लक्ष सगळं आवलीकडं. गौरीबाईंनी केलेली ती आवली पोराच्या आजारपणानं कावून, नवरा भजनात दंग बघून, हातात चप्पल घेऊन तरातरा देवळात जाते आणि प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारते. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग मामी पदर सावरत म्हणाल्या, "हिचं बरूबर हाय." शेजारच्या आजी म्हणाल्या, "बरूबर हाय पन चप्पल नव्हं न्यायची." "मंग काय वटी भरायला जायचं व्हतं का?" पुढची पाचेक मिनिटं चित्रपट एकीकडं आणि परिषद एकीकडं. शेवटी वैकुंठाहून विमान आलं तेव्हा कुणी त्याची टक्केवारी विचारली नाही. घरात दाणा नाही, सावकार दारात, पोर तापानं फणफणलेलं, हे इतकं खरं होतं की विमान त्याच्या पुण्याईवर खपून गेलं. मी 'संत तुकाराम'ला सगळ्यांत वरचे टक्के देतो. चमत्कार दाखवायचे असतील तर आधी चूल खरी दाखवावी लागते.

कॉलेजच्या पोरांना 'आनंदी गोपाळ' सांगितला. समीर विद्वांस यांचा, २०१९ चा. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या, १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत गेल्या. गोपाळरावांच्या तऱ्हेवाईकपणाला चित्रपटानं थोडी साखर लावली आहे, तेवढा गाळ समजून सोडून द्यावा. पण परदेशी जायचं म्हटल्यावर भाड्याची, कपड्यांची आणि खाण्याची पंचाईत त्यात आहे. शिकायला पुण्या-संभाजीनगरला जाऊन मेसचे पैसे जमवणाऱ्या आमच्या मुलींना त्यात वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

गुरुजींना दोन दिले. एक 'रामशास्त्री', प्रभातचाच, १९४४ चा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं, ही त्यातली मुख्य घटना. गजानन जागीरदारांनी शास्त्रीबुवा केलेत आणि ललिता पवारांनी राघोबांच्या पत्नी आनंदीबाई. 'ध' चा 'मा' ही आख्यायिका आहे हे गुरुजींनी लगेच सांगितलं. ते सांगता यावं म्हणूनच तर मी त्यांना तो दिला होता. दुसरा '२२ जून १८९७', नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा, १९७९ चा. पुण्यातला प्लेग, घरोघर घुसणारे गोरे सोजीर, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाची रात्र, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर झाडलेली गोळी. एकही माणूस उगाच ओरडत नाही. पार्श्वसंगीत बंद करून पाहिला तरी समजेल, अशी आपल्याकडं फार थोडी ऐतिहासिक कामं आहेत. गुरुजींना त्यात चूक सापडली नाही. तेव्हापासून ते माझ्याशी जरा तुटक वागतात.

राहिले मामा. लढाईशिवाय त्यांचा जीव रमत नाही, म्हणून त्यांना आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' सांगितला. त्याची सुरुवात उदगीरपासून होते हे पहिलं आकर्षण. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या माणसाला शेजारचा जिल्हा पडद्यावर दिसला तरी चालतो. दुसरं आकर्षण माझ्यासाठी. उदगीर जिंकून आलेल्या भाऊंना चित्रपटात हिशोबाच्या कामाला लावतात! इतिहासातही भाऊंची सगळी मोहीम पैशाच्या टंचाईत गेली. दिल्लीत पोचल्यावर लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून त्यांना नाणी पाडावी लागली. पुढं पार्वतीबाई स्वतः तलवार घेऊन रणात उतरतात, ती गाळाची बाजू. मामांना नेमकी तीच आवडली. ते म्हणाले, "बाकी समदं ठीक हाय, पन त्यो हिशोब कापून टाकाया पायजे व्हता."

साहेब लोक यात मागं आहेत असं नाही. 'ब्रेव्हहार्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात १२९७ ची स्टर्लिंग पुलाची लढाई आहे, आणि पूल नाही. इंग्रज हरले ते त्या अरुंद पुलामुळं, आणि नेमका तोच गाळला. उद्या कुणी येलदरीवर चित्रपट काढला आणि धरण वगळलं तर त्यालाही ऑस्करची आशा ठेवायला हरकत नाही. त्याच्या उलट त्याच वर्षीचा 'अपोलो १३' पाहा. त्यात सगळे मिळून दोन-सव्वादोन तास वीज वाचवतात आणि आकडेमोड करतात. मामा सोडून आमच्याकडं तो सगळ्यांना आवडला. भारनियमन काढलेल्या माणसाला वीज वाचवून चंद्राला वळसा घालून घरी येणाऱ्यांबद्दल आपुलकी वाटणारच.

आता मुद्द्याची गोष्ट. इतक्या मापांनी इतके चित्रपट मोजल्यावर मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं ते पाहिलं, तर साठा जोत्याखाली. किल्ले आणि दऱ्या सह्याद्रीकडं, त्यामुळं कॅमेराही तिकडंच. आमचा हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाकीच्या देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं तरी इथं हाली सिक्का चालत होता, करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून पाहत होते, रझाकार गावं जाळत होते आणि मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. केतन मेहतांच्या 'सरदार'मध्ये संस्थानांच्या ओघात हैदराबाद येतं. तो विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, चांगला आणि जबाबदारीनं केलेला चित्रपट जरूर पाहावा. पण तो दिल्लीतून दिसणारा हैदराबादचा प्रश्न आहे. आमच्या जिंतूरच्या बाजारातून तो कसा दिसत होता, हे पडद्यावर नीट आलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि विषय तर तयार पडलेत. जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक फोडली. पोतीच्या पोती पैसा उचलला. आणि त्या पैशाचा पै न् पै हिशोब ठेवून तो पुढं सादर केला, असं मराठवाड्यात आजही छाती फुगवून सांगतात. दरोडा घालून जमाखर्च लिहिणारी माणसं जगाच्या चित्रपटांत शोधून सापडायची नाहीत. माझ्या मापानं हा विषय काठोकाठ.

तेव्हा निर्माते-दिग्दर्शकांना विनंती आहे की हा चित्रपट काढा. हत्ती लागत नाहीत, किल्ला उभारायचा नाही, संगणकावर सिंह बनवायचा नाही. एक बँक, चार बंदुका आणि एक प्रामाणिक हिशोबनीस, एवढ्यावर भागतं. पैकी हिशोबनीस मिळवणं तुम्हाला जड जाईल. मराठवाड्यात येऊन विचारा, अजून मिळतो.